तार कोठें तुटली?

जुन्नर तालुक्यांतील ओझर हें गांव महाराष्ट्राला विघ्नहराच्या देवस्थानामुळें ठाऊक आहे. नाशिकजवळचें, विमानांच्या कारखान्याचें ओझर तें निराळें. कुकडीच्या कांठीं, येडगांव धरणाच्या पाण्यालगत वसलेल्या या गांवीं अष्टविनायकांच्या यात्रेकरूंची वर्दळ बारमास चालू असते. महाराष्ट्रांतील इतर मोठ्या गांवांप्रमाणें येथेंही आतां इंटरनेटची तार घरांपर्यंत येऊन पोंचली आहे. पुण्यास किंवा मुंबईस नोकरीनिमित्त राहणाऱ्या पुष्कळ सुशिक्षित कुटुंबांचीं मूळ घरें अशाच गांवांत असतात. तेथें वृद्ध आईवडील राहतात. त्यांचा निवृत्तिवेतनासाठीं लागणारा हयातीचा दाखला, शेताचा सातबारा, विजेचें बिल, नातवाच्या प्रवेशाचा अर्ज आणि परदेशीं असलेल्या लेकीचें दर्शन, हें सर्व त्या एका बारीक तारेंतून येतें-जातें. तार मुकी झाली म्हणजे पुण्यास फोन येतो, "अरे, नेट गेलें." "म्हणजे काय झालें, अण्णा?" "काय होणार? नुसतें गेलें!"

"नुसतें गेलें" हें उत्तर खरें असलें तरी निरुपयोगी आहे. त्यावर मुलगा सांगतो, "सगळें बंद करून पुन्हां चालू करा." कधीं कधीं तेवढ्यानें भागतें, पण भागलें तरी काय बिघडलें होतें तें कोणास कळत नाहीं. भागलें नाहीं, तर घरांतील माणूस हातीं लागेल ती तार ओढून पाहतो, दिसेल तें बटण दाबतो, आणि एका दोषाच्या जागीं दोन होतात. पुढें गोष्ट नव्या यंत्राच्या खरेदीपर्यंत जाते, आणि मूळ दोष दोनशें रुपयांच्या तारेंत होता असें मागाहून समजतें. अर्जाची मुदत मात्र तोंवर टळून गेलेली असते.

हें टाळावयास मोठी विद्या लागत नाहीं, क्रम लागतो. तो क्रम एकदां नीट समजला म्हणजे ओझरच्या घरांतील सत्तरीचे गृहस्थ आणि पुण्यांतील त्यांचा मुलगा केवळ फोनवरून बहुतेक दोषांची जागा निश्चित करूं शकतात.

पाण्याच्या वाटेचा दाखला

येडगांव धरणाच्या परिसरांतील शेतकऱ्यास पाटाचें पाणी कसें येतें हें शिकवावें लागत नाहीं. धरणांतून कालवा निघतो, कालव्यापासून चारी, चारीपासून पोटचारी, आणि पोटचारीच्या दारांतून पाणी वावरांत शिरतें. पाणी आलें नाहीं म्हणजे जाणता शेतकरी थेट धरणावर जात नाहीं. तो प्रथम आपल्या दारापाशीं पाहतो. मग शेजारच्या वावरांत पाणी आहे का हें विचारतो. मग बांधाबांधानें वर चढत जातो. जेथवर पाणी आहे आणि जेथून नाहीं, त्या दोहोंच्या मधोमध फूट असली पाहिजे, हें त्याला ठाऊक असतें.

इंटरनेटची वाटही अशीच आहे. ती संगणकापासून उलट मोजूं. संगणकाच्या पाठीमागें एक चौकोनी खांच असते. तींतून निघालेली तार, जिला बाजारांत लॅन केबल म्हणतात, राउटर नांवाच्या पेटींत शिरते. राउटर हा घरांतल्या घरांत वांटणी करणारा आहे: संगणक, मोबाईल, दूरचित्रवाणी यांस तो आपापला वांटा देतो. राउटरच्या पलीकडे कांचेच्या धाग्याची पेटी असते. कांहीं घरांत या दोन पेट्या एकाच डब्यांत बसविलेल्या असतात. त्या पेटींतून निघालेला कांचेचा धागा भिंतीबाहेर पडून खांबाखांबावरून सेवा देणाऱ्या कंपनीच्या केंद्राकडे जातो. तेथून पुढें सारें जग.

अशा रीतीनें साखळीचे पांच दुवे झाले: संगणक, लॅन केबल, राउटर, कांचेच्या धाग्याची पेटी आणि घराबाहेरचा धागा. दोष शोधणें म्हणजे या पांचांपैकीं कोणता दुवा निखळला हें ठरविणें. पहिले चार दुवे घरांत आहेत व ते घरच्या माणसाच्या हातचे आहेत. पांचवा कंपनीचा आहे. ही सीमा ओळखतां आली कीं निम्मा त्रास संपला.

या साखळीचे भाग निरनिराळ्या काळीं जन्मले. संगणकांना एका तारेनें जोडण्याची इथरनेट नांवाची पद्धति रॉबर्ट मेटकाफ व त्यांचे सहकारी यांनीं १९७३ सालीं अमेरिकेंत झेरॉक्स कंपनीच्या प्रयोगशाळेंत सुरू केली. घरांतील लॅन केबल ही तिचीच वंशज होय. आपल्या देशांत सर्वसामान्यांसाठीं इंटरनेट विदेश संचार निगमानें १५ ऑगस्ट १९९५ रोजीं खुलें केलें. त्या वेळीं तें टेलिफोनच्या तांब्याच्या तारेवरून, फोन अडवून, येत असे. कांचेच्या धाग्यानें घराचें दार गांठलें तें त्यानंतर पुष्कळ वर्षांनीं.

ओझरच्या मुलखाला मात्र हा कांचेचा धागा फार अगोदर भेटला आहे. नारायणगांवाजवळच्या खोडद येथें टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्रानें, डॉ. गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखालीं, प्रचंड रेडिओ दुर्बीण उभारली. तिच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या सुमारें २५ किलोमीटरच्या विस्तारांत पसरलेल्या आहेत, आणि त्या तबकड्यांनीं टिपलेले आकाशांतील क्षीण संदेश मध्यवर्ती इमारतींत कांचेच्या धाग्यांतूनच आणले जातात. दूरच्या आकाशगंगांचा संदेश आणि नातवाचा अर्ज अशा रीतीनें एकाच जातीच्या धाग्यावरून प्रवास करितात.

पहिला प्रश्न: एकाचेंच गेलें कीं सर्वांचें?

दोष शोधतांना पहिल्यानें यंत्रास हात लावूं नये, प्रश्न विचारावा. संगणकावर इंटरनेट नाहीं, पण त्याच घरांत राउटरच्या वायफायवर मोबाईल चालतो का?

येथें एक फसगत संभवते. मोबाईलमध्यें स्वतःचा डेटा चालू असेल, तर घरचें इंटरनेट बंद असूनही मोबाईल सुखेनैव चालेल, आणि तो पुरावा खोटा ठरेल. म्हणून मोबाईलचा डेटा प्रथम बंद करावा, वायफाय चालू आहे याची खात्री करावी, आणि मग पाहावें.

मोबाईल वायफायवर चालत असेल, तर बाहेरचा धागा, त्याची पेटी आणि राउटर हे तीन दुवे एकदम निर्दोष ठरले. दोष राउटर व संगणक यांच्या दरम्यान, म्हणजे लॅन केबलींत, तिच्या दोन टोकांच्या खांचांत, किंवा संगणकांत आहे. अशा वेळीं कंपनीकडे तक्रार करण्यांत अर्थ नाहीं. उलट मोबाईलही चालत नसेल, तर संगणकाला विनाकारण दोष देऊं नये. राउटरकडे व त्याच्या पलीकडे वळावें. शेजारच्या घरीं त्याच कंपनीची सेवा असल्यास तेथेंही विचारावें. दोन्ही घरें एकदम मुकीं झालीं असतील, तर फूट खांबावर किंवा त्याहून वर आहे.

एका प्रश्नानें अर्धी वाट वगळली जाते. पुढील प्रत्येक पायरीचें काम हेंच आहे.

दुसरी गोष्ट: वीज

खेड्यांतील घरांत वीज जाणें-येणें नित्याचें आहे. संगणक इन्व्हर्टरवर असतो, पण पेट्या कोपऱ्यांतल्या निराळ्या खटक्यावर असतात, आणि "संगणक चालू आहे, मग नेट कां नाहीं?" असा प्रश्न पडतो. म्हणून पेट्यांवर दिवे लागलेले आहेत का, हें आधीं पाहावें. राउटर आणि कांचेच्या धाग्याची पेटी हीं दोन्ही यंत्रें इन्व्हर्टरच्या तारेवर घेणें हा स्वस्त व टिकाऊ उपाय होय.

वीज परत आल्यावर सगळीं यंत्रें एकदम जागीं होतात, आणि त्यांची एकमेकांशीं चुकामूक होते. राउटर विचारावयास जातो, तों धाग्याची पेटी अजून उठलेलीच नसते. तेव्हां तिन्ही यंत्रें बंद करावीं. प्रथम धाग्याची पेटी चालू करावी. तिचे दिवे स्थिर होईपर्यंत दोन-तीन मिनिटें थांबावें. मग राउटर, पुन्हां दोन मिनिटें, आणि शेवटीं संगणक. "बंद करून चालू करा" या सल्ल्यांत जें तथ्य आहे तें या क्रमांत आहे.

पेट्यांना वीज पुरविणारा जो लहान ठोकळा भिंतींत खोंचलेला असतो, त्या ॲडॉप्टरचीही आठवण ठेवावी. तो म्हातारा झाला म्हणजे दिवा लागण्यापुरती वीज देतो, पण काम करण्यापुरती देत नाहीं. मग पेटी घटकेघटकेस आपोआप बंद होऊन पुन्हां सुरू होते. मात्र बदली ठोकळा आणतांना त्यावरील व्होल्ट जुन्याइतकेच आणि अँपिअर निदान तितके असले पाहिजेत. घरांतला दुसराच एकादा ठोकळा बसतो म्हणून लावणें म्हणजे पेटी जाळण्यास आमंत्रण आहे.

तिसरी गोष्ट: दिव्यांची भाषा

पेट्यांवरचे लहान दिवे शोभेसाठीं नाहींत. तो त्यांचा अहवाल आहे. फोनवर बोलणाऱ्या मुलानें वडिलांस "काय दिसतें?" असें न विचारतां "कोणकोणते दिवे लागले आहेत आणि कोणत्या रंगाचे?" असें विचारावें.

कांचेच्या धाग्याच्या पेटीवर बहुधा चार प्रकारचे दिवे असतात. पहिला विजेचा. दुसरा 'पॉन' या अक्षरांचा. तो स्थिर हिरवा असेल, तर कंपनीच्या केंद्राशीं संधान जुळलेलें आहे. तिसरा 'लॉस' या अक्षरांचा. तो लाल झाला अथवा लुकलुकूं लागला, तर धाग्यांतून प्रकाश येत नाहीं असा त्याचा अर्थ. चौथा 'लॅन'चा, त्या खांचेंत लावलेल्या तारेच्या दुसऱ्या टोकास जिवंत यंत्र आहे असें तो सांगतो.

लाल दिवा दिसला म्हणजे संगणकांत कांहींही करण्यांत हांशील नाहीं. घरांत पाहण्याजोगी एकच गोष्ट उरते: पेटींत शिरणारा धागा कपाटामागें दबला, दारांत चेपला, किंवा नखाएवढ्या वळणांत वांकला तर नाहीं? कांचेच्या धाग्यांत प्रकाश आंतल्या आंत परावर्तन पावत पुढें जातो; वळण फार तीव्र झालें कीं तो वळणावरच बाहेर निसटतो. धागा मोकळा करून हातभर व्यासाच्या सैल वेटोळ्यांत ठेवला, कीं कधीं कधीं लाल दिवा आपोआप विझतो. तसें न झाल्यास तुटका धागा जोडण्याचें काम घरांत होत नाहीं, तें कंपनीचें. एक सक्त सूचना मात्र घरांतील मुलांनाही द्यावी: निखळलेल्या धाग्याच्या टोकांत डोळा घालून कधींही पाहूं नये. त्यांतील प्रकाश डोळ्यांस दिसत नाहीं. तथापि तो दिसत नाहीं म्हणूनच धोक्याचा आहे.

चौथी गोष्ट: लॅन केबल

आतां असें समजूं, कीं मोबाईल वायफायवर चालतो आणि संगणक तेवढा मुका आहे. तर तारेकडे वळावें. तिच्या टोकाच्या पारदर्शक जोडणीस एक लवचीक जीभ असते; ती खांचेंत बसतांना 'टक्' असा आवाज झाला पाहिजे. ही जीभ मोडली म्हणजे जोडणी बसल्यासारखी दिसते, पण झाडतांना केरसुणीचा धक्का लागला तरी सुटते. दोन्ही टोकें काढून पुन्हां आवाज होईपर्यंत बसवावीं. मग संगणकाच्या खांचेजवळचा लहान दिवा लागतो का पाहावें. नाहीं लागला, तर तेंच टोक राउटरच्या दुसऱ्या खांचेंत लावावें. तरीही नाहीं, तर शेजाऱ्याची चांगली तार मागून आणून लावावी. एका वेळीं एकच गोष्ट बदलावी. दोन बदलल्या आणि चालू झालें, तर गुण कोणाचा हें कळत नाहीं.

या तारेच्या पोटांत तांब्याच्या आठ बारीक तारा असतात, आणि त्या दोन-दोनच्या चार जोड्यांत पिळलेल्या असतात. पीळ शोभेचा नाहीं. बाहेरील विजेचा उपद्रव दोन्ही तारांस सारखाच व्हावा आणि वजाबाकीनें तो नाहींसा व्हावा, हा त्याचा हेतु. सेकंदास १०० मेगाबिटच्या गतीस यांतल्या दोनच जोड्या पुरतात. १००० मेगाबिटला चारही लागतात. यामुळें एक मोठा गमतीचा दोष उद्भवतो. एकादी जोडी तुटली, तरी तार पूर्ण मरत नाहीं. दोन्ही टोकांचीं यंत्रें उरलेल्या जोड्यांवर तडजोड करून दहापट कमी गतीनें काम चालवितात. घरच्यांची तक्रार असते, "नेट आहे, पण संथ आहे". आणि दोष कंपनीच्या माथीं मारला जातो. संगणकाच्या जोडणीच्या माहितींत १००० ऐवजीं १०० हा आंकडा दिसला, आणि राउटर व संगणक दोन्ही १००० चे असले, तर तार बदलून पाहावी.

तार कशानें तुटते? माळ्यावरून नेलेल्या तारेस सर्वांत मोठा शत्रु उंदीर. गजाननाचें वाहन असलें, तरी विघ्नहराच्या गांवींही तें तारेच्या बाबतींत विघ्नच करितें. तार छतावरून नेली, तर ऊन व पाऊस यांनीं तिचें वेष्टण तडकतें. घराबाहेर न्यावयाची असल्यास बाहेरच्या जातीचीच तार घ्यावी. बाजारांत अशाही स्वस्त तारा मिळतात, ज्यांत ॲल्युमिनियमवर तांब्याचा नुसता मुलामा असतो. त्या लवकर मोडतात. घेतांना पूर्ण तांब्याची मागावी. या तारेची लांबीही १०० मीटरच्या आंत असावी लागते. वाड्याच्या घरांतून गोठ्याच्या खोलींत तार नेतांना हें ध्यानांत ठेवावें.

पांचवी गोष्ट: वळिवाची वीज

जुन्नर-आंबेगांव भागांत चैत्र-वैशाखांत आणि परतीच्या पावसांत मेघगर्जनेसह वळीव कोसळतो. जवळपास वीज पडली, म्हणजे तिच्या प्रभावानें लांब तांब्याच्या तारेंत क्षणभर जबरदस्त दाब उत्पन्न होतो. कांच वीज वाहत नाहीं. म्हणून बाहेरचा कांचेचा धागा या बाबतींत निर्धोक असतो. पुष्कळ लोक येथेंच निर्धास्त होतात. पण खांबावरून येणाऱ्या धाग्यास ताण सोसण्यासाठीं पोलादी तार जोडलेली असूं शकते. शिवाय घरांतली लॅन केबल तांब्याची असते आणि पेट्यांना वीज तांब्यानेंच मिळते. वादळानंतर पेट्यांचे सर्व दिवे नीट, वायफाय नीट, आणि केवळ संगणकाची तारेची खांच मेलेली, हा अनुभव या दिवसांत ठिकठिकाणीं येतो.

उपाय साधा आहे. ढग गडगडूं लागण्यापूर्वीं पेट्यांचे खटके बंद करून ठोकळे भिंतींतून उपटावे, आणि लॅन केबलही संगणकांतून काढून ठेवावी. नुसता खटका बंद केल्यानें संरक्षण मिळत नाहीं, कारण लॅन केबलची वाट उघडीच राहते. गडगडाट सुरू झाल्यावर मात्र तारांना हात लावूं नये. खांच मेलीच, तर नवा संगणक घेण्याचें कारण नाहीं. यूएसबीच्या खांचेंत बसणारी लहानशी जोडणी बाजारांत मिळते, ती नव्या खांचेचें काम करिते.

सहावी गोष्ट: पत्ता आणि नांव

तार चांगली, दिवे चांगले, आणि तरीही पान उघडत नाहीं, असेंही होतें. तेव्हां दोष संगणकाच्या आंत असतो. प्रत्येक यंत्राला इंटरनेटवर अंकांचा पत्ता लागतो, आणि घरांतला पत्ता राउटर देतो. विंडोजच्या आज्ञापटलावर 'आयपीकॉन्फिग' ही आज्ञा दिली म्हणजे तो पत्ता दिसतो. तो १९२.१६८ नें सुरू होत असेल, तर राउटरनें पत्ता दिलेला आहे. तो १६९.२५४ नें सुरू होत असेल, तर राउटरकडून उत्तर न आल्यामुळें संगणकानें स्वतःच एक तात्पुरता पत्ता धारण केला आहे असें समजावें. राउटर एकदां बंद करून चालू करावा आणि तार पुन्हां तपासावी. पत्ताच दिसत नसेल, तर जोडणी सेटिंगमधून कोणीतरी बंद केलेली असूं शकते.

पत्ता ठीक असेल, तर 'पिंग' ही आज्ञा वापरावी. ती १९८३ सालीं माइक मूस या अमेरिकन शास्त्रज्ञानें रचली. पाणबुडी शोधणारें यंत्र ध्वनि पाठवून प्रतिध्वनीची वाट पाहतें. त्याच आवाजावरून तिचें नांव पडलें. पिंगचें कामही तेंच: एक लहान संदेश पाठवावयाचा आणि उत्तर येतें का पाहावयाचें. प्रथम राउटरला पिंग करावें. त्याचा पत्ता आयपीकॉन्फिगच्या उत्तरांत 'डीफॉल्ट गेटवे' म्हणून लिहिलेला असतो. उत्तर आलें, तर घरांतली वाट मोकळी. मग ८.८.८.८ या जगजाहीर पत्त्याला पिंग करावें. उत्तर आलें, तर बाहेरची वाटही मोकळी.

दोन्ही वाटा मोकळ्या असून संकेतस्थळ नांवानें उघडत नसेल, तर दोष नांवाचा पत्ता शोधून देणाऱ्या सेवेंत आहे. माणसें नांवें लक्षांत ठेवतात, यंत्रें आंकडे. त्या दोहोंची गांठ घालणारी पद्धति पॉल मोकापेट्रिस यांनीं १९८३ मध्यें मांडली. ही सेवा बंद पडली म्हणजे रस्ता चांगला, पण पाटी पुसलेली, अशी स्थिति होते. संगणकाच्या सेटिंगमध्यें नांवांच्या सेवेसाठीं ८.८.८.८ हा पत्ता भरला, तर बहुधा काम होतें.

जुन्या संगणकांत आणखी एक दोष आढळतो, आणि तो कोणाच्या ध्यानींमनीं नसतो. संगणकाचें घड्याळ चालू ठेवणारी रुपयाएवढी बटणबॅटरी संपली, कीं वीज गेल्यावर संगणक कित्येक वर्षें मागें जातो. बँका व सरकारी कार्यालयें यांचीं स्थळें आपल्या खरेपणाचें मुदतीचें प्रमाणपत्र दाखवितात. चुकलेल्या घड्याळास तें प्रमाणपत्र भविष्यांतलें वाटतें, आणि 'ही जोडणी सुरक्षित नाहीं' असा इशारा येतो. इंटरनेटचा यांत कांहींच दोष नसतो. तारीख नीट करावी, बॅटरी बदलावी, म्हणजे झालें.

बंद आणि संथ

बंद पडणें आणि संथ होणें हे दोन निरनिराळे आजार आहेत. त्यांची सरमिसळ करूं नये. संथपणा मोजावयाचा, तर राउटरला संगणक तारेनें जोडून, घरांतले इतर मोबाईल व दूरचित्रवाणी क्षणभर बाजूला ठेवून मोजावा. वायफायवरील मोजमाप हें भिंतींचें मोजमाप ठरतें. ओझरसारख्या गांवांतील जुन्या दगडी भिंतींतून वायफायचें पाणी झिरपावें तसें झिरपतें. आणखी एक घोटाळा आंकड्यांचा आहे. कंपनी १०० मेगाबिट सांगते, आणि संगणक बारा मेगाबाइट दाखवितो. फसवणूक कोणी केलेली नसते. एका बाइटमध्यें आठ बिट असतात, आणि १०० ला ८ नें भागलें म्हणजे साडेबाराच येतात.

कंपनीस कळवितांना

इतकें करूनही लाल दिवा विझत नाहीं, किंवा राउटरपर्यंत सर्व ठीक असून पुढें वाट नाहीं, तर कंपनीस कळवावें. "नेट नाहीं" एवढेंच न सांगतां "सकाळीं आठपासून लॉसचा दिवा लाल आहे, पेटी बंद करून चालू केली, धागा मोकळा आहे, शेजारींही बंद आहे" असें सांगावें, आणि तक्रारीचा क्रमांक लिहून घ्यावा. या चार वाक्यांनीं माणूस शिडी व धागा जोडण्याचें यंत्र घेऊनच येतो. एरवीं तो आधीं पाहावयास येतो आणि मग साहित्य आणावयास परत जातो.

येथें दोन धोके सांगणें अगत्याचें आहे. पहिला असा, कीं राउटरच्या पाठीमागें टांचणीनें दाबावयाचें एक बारीक छिद्र असतें. तें दाबून ठेवल्यास राउटर कारखान्यांतून आला तसा कोरा होतो, आणि कंपनीनें त्यांत भरलेलें ग्राहकाचें नांव व संकेतशब्द पुसले जातात. ती माहिती हाताशीं नसेल, तर किरकोळ दोषाचा पूर्ण बंद होतो. त्या छिद्रास हात लावूं नये.

दुसरा धोका याहून मोठा आहे. इंटरनेट बंद पडलें म्हणजे वृद्ध माणूस मोबाईलवर कंपनीचा मदत-क्रमांक शोधतो. तेथें भामट्यांनीं पेरून ठेवलेले खोटे क्रमांक सांपडतात. पलीकडचा माणूस गोड बोलून मोबाईलमध्यें एकादें ॲप घ्यावयास सांगतो, पडदा आपल्या ताब्यांत घेतो, "तपासणीसाठीं" दहा रुपये भरावयास लावतो, आणि खातें रिकामें करितो. म्हणून कंपनीचा क्रमांक बिलावरून घ्यावा, शोधून नव्हे. तार दुरुस्त करावयास ओटीपी लागत नाहीं, बँकेचें कार्ड लागत नाहीं, मोबाईलचा पडदा दाखवावा लागत नाहीं. जो मागेल तो तार दुरुस्त करणारा नव्हे. फसवणूक झालीच, तर विलंब न करितां १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर कळवावें. पैसे पुढें सरकण्यापूर्वीं अडविण्याची शक्यता पहिल्या कांहीं तासांतच अधिक असते.

घरांतली वही

या साऱ्या गोष्टी संकटाच्या वेळीं आठवत नाहींत. म्हणून राउटरशेजारीं खिळ्यास एक पातळ वही टांगावी. तींत ग्राहक क्रमांक, बिलावरील मदत-क्रमांक, सर्व ठीक असतांना कोणते दिवे कोणत्या रंगाचे असतात, कोणती तार कोणत्या खांचेंत जाते, आणि प्रत्येक बिघाडाची तारीख व उपाय लिहावा. तारांच्या टोकांस कागदाच्या चिठ्ठ्या चिकटवाव्या. ठीक असतांनाचें चित्र नोंदलेलें नसेल, तर बिघडलेलें ओळखावयाचें कशावरून? चारसहा नोंदी झाल्या म्हणजे वहीच बोलूं लागते: दर वेळीं वाऱ्याच्या दिवशींच लाल दिवा लागतो, तेव्हां खांबावरचा धागा झाडाच्या फांदीस घासत असला पाहिजे, दर वेळीं दुपारींच पेटी बंद होते, तेव्हां ती उन्हाच्या खिडकींतून हलविली पाहिजे.

मुदतीचीं कामें मात्र वहीवरही सोंपवूं नयेत. हयातीचा दाखला, प्रवेशाचा अर्ज, शिष्यवृत्तीचें पत्र हीं शेवटच्या दिवसावर ठेवणाराला उत्तम तारही वांचवूं शकत नाहीं. आणि मुदत जवळ आलीच, तर मोबाईलच्या डेटावरून संगणकास इंटरनेट देण्याची सोय पुण्याच्या मुलानें एकदां सुटीत येऊन वडिलांकडून स्वतः करवून घ्यावी. करून दाखवूं नये, करवून घ्यावी. जें काम हातानें एकदां केलें, तें फोनवरून सांगितलें तरी पुन्हां जमतें. जें नुसतें पाहिलें, तें दोन दिवसांत विसरतें.